डावीकडची खुर्ची

आधारपट्टीवरून घरात तीन आठवडे धुसफूस चालली होती. मतदान रविवारवर येऊन ठेपलं तेव्हा आईंनी पलंगावरूनच फर्मान काढलं, "आता गोल बसा."

या घरात 'गोल बसा' म्हटलं की हसणारे गप्प होत आणि गप्प असणारे सावरून बसत. मधल्या सुनेचे सासरे कोर्टात लेखनिक होते. जन्मभर दुसऱ्यांची भांडणं लिहून घेता घेता त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. माणूस स्वतःची बाजू मांडायला लागला की एकतर रडतो नाहीतर ओरडतो, दुसऱ्याची मांडताना मात्र शुद्धीवर असतो. म्हणून वाद हाताबाहेर गेला की सगळ्यांनी गोल बसायचं आणि प्रत्येकानं आपल्या डावीकडच्या माणसाची बाजू मांडायची. ज्याची बाजू, त्यानं मध्ये तोंड उघडायचं नाही. शेवटी फक्त सांगायचं, "पोचलं," नाहीतर, "नाही पोचलं." सासरे गेले, त्यांचा काळा कोट गेला, पण ही पद्धत राहिली. मधली सून नवी नवी या घरात आली तेव्हा हा प्रकार पाहून तोंड फिरवून हसली होती. आज तिला हसू येत नव्हतं.

नगरपालिका प्रत्येक घरावर आणि प्रत्येक दुकानावर घरपट्टीसारखी नवी आधारपट्टी बसवू पाहत होती. त्या पैशातून अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी दिवसभरासाठी शिकलेली मदतनीस यायची होती. पट्टी बसवायची की नाही, हे गावानं ठरवायचं, घरटी एक मत. या घराचं मत आईंच्या नावावर होतं, कारण घरच त्यांच्या नावावर होतं. पण घराचं मत एकटीनं ठरवणं त्यांना कधी पटलं नव्हतं.

मधली पूर्वी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. चाकावर पाण्याची धार धरून काच फिरवत न्यायची, कड बोटानं तपासायची, आणि भिंगाचा मध्य बरोबर माणसाच्या बाहुलीसमोर येईल असा फ्रेममध्ये बसवायची. केसभर इकडेतिकडे झालं तर माणसाचं डोकं दुखतं आणि तो डोळ्यांना दोष देतो, असं ती सांगायची. आईंना अर्धांगाचा झटका आला त्या आठवड्यात 'थोडे दिवस' म्हणून ती स्टुलावरून उठली, त्याला दोन वर्षं होऊन गेली. परवा दुकानाच्या मालकांचा फोन आला होता. महिनाअखेरपर्यंत स्टूल तिच्यासाठी ठेवतो, मग दुसरं माणूस बसवावं लागेल, असं ते म्हणाले. घरात हे फक्त तिच्या नवऱ्याला माहीत होतं. म्हणजे तिला तरी तसं वाटत होतं.

मदतनीस आली तर ती स्टुलावर परत जाणार होती, नाही आली तर नाही. हिशेब इतका सरळ होता की त्याची तिलाच लाज वाटायची. शेजारच्या बायका पट्टीबद्दल बोलू लागल्या की ती म्हाताऱ्या माणसांची कणव येते वगैरे बोलायची. मनातून तिला फिरत्या चाकाचा आवाज ऐकू येत असायचा.

सकाळी थोरला सगळ्यांच्या आधी हजर झाला. खाली त्याचं फरश्यांचं दुकान, मागे गोदाम. आजपर्यंत त्यानं या घरात कधी खुर्ची उचललेली कुणी पाहिली नव्हती. आज मात्र तो स्वतःच्या हातांनी सहाच्या सहा जागा लावत होता. मधली स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिली. आईंची चाकांची खुर्ची त्यानं खिडकीपाशी नेली आणि तिच्या डाव्या हाताला स्वतःची खुर्ची ठेवली. म्हणजे त्याची बाजू मांडणार आई. थोरल्यापासून सुरुवात व्हायची, म्हणजे आई सगळ्यांत शेवटी बोलणार, आणि शेवटी आई बोलल्यावर पुढे बोलायची कुणाची छाती? डाव अगदी बिनतोड होता.

फक्त एक गोष्ट तो विसरला होता. झटक्यानंतर आईंचा डावा हात-पाय तर गेलाच होता, पण त्यांच्या लेखी डावी बाजूच उरली नव्हती. डोळे चांगले होते, मनच तिकडे जात नव्हतं. डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून समजावलं होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आई जेवताना ताटाची उजवी बाजू संपवायच्या आणि म्हणायच्या, "एवढंच वाढलंस?" मग मधली ताट अर्धं फिरवायची. "हं, आता वाढलंस," असं म्हणून त्या पुढे जेवायच्या. दिवसातून दोनदा ताट फिरवणाऱ्या माणसाला हे विसरता येत नाही. ज्यानं कधी फिरवलंच नाही, तो विसरला तर नवल नाही.

'दादा, तुम्ही त्यांना त्या बाजूला दिसणार नाही,' हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. ती आत गेली आणि चहाचं आधण उगाचच ढवळत राहिली.

थोरली जाऊ भावाच्या आजारपणासाठी माहेरी गेली होती, त्यामुळे सहाजणच जमले. आईंच्या डावीकडे थोरला, त्याच्या डावीकडे धाकटा, मग नणंद अक्का, मग मधलीचा नवरा, आणि त्याच्या व आईंच्या मध्ये मधली.

थोरल्यानं घसा साफ केला. त्याला धाकट्याची बाजू मांडायची होती.

"माझ्या डावीकडच्याला पट्टी हवी आहे. तो कॉलेजात शिकवतो. समाज म्हणजे काय, कर्तव्य म्हणजे काय, सगळं त्याला तोंडपाठ. आणि तो राहतो भाड्याच्या खोलीत. पट्टी भरणार घरमालक, म्हणून कर्तव्य जरा जास्तच पटलेलं."

"दादा, घरमालक भाडं वाढवेल की!"

"मध्ये बोलायचं नाही," अक्का म्हणाली.

थोरला थांबला. वडिलांची पद्धत अशी होती की टोमणा मारून झाला तरी बाजू मांडायची बाकी राहायचीच. खाली बघत तो म्हणाला, "आई पडली तेव्हा तो परगावी होता. चार दिवसांनी पोचला. त्याचं त्याला अजून लागून राहिलंय. आईसाठी काहीतरी व्हावं असं त्याला मनापासून वाटतं. कुठून व्हावं ते त्याला कळत नाही, म्हणून गावानं करावं असं वाटतं."

धाकट्याचा चष्मा नाकावरून खाली आला होता, तो त्यानं वर सारला. "पोचलं," तो हळूच म्हणाला.

मग त्यानं अक्काची बाजू घेतली. अक्कानं स्वतःच्या सासूचं सहा वर्षं केलं होतं. सासू गेल्या वर्षी गेली. पट्टीला घरात सगळ्यांत कडक विरोध अक्काचा होता, आणि पट्टीची सगळ्यांत जास्त गरज कधीकाळी तिलाच होती, हे धाकट्याला फार गमतीचं वाटायचं.

"अक्काचा विरोध समजण्यासारखा आहे. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्याला फुकट मिळू नये, असं माणसाला वाटतं. सगळीकडे हेच दिसतं. जुने भाडेकरू, जुने कामगार..."

"नाही पोचलं."

"बरं. अक्का दमली आहे. सहा वर्षं तिनं एकटीनं..."

"नाही पोचलं."

धाकट्यानं आणखी दोनदा प्रयत्न केला. अक्का भिंतीकडे बघत नाही पोचलं, नाही पोचलं म्हणत राहिली. मधलीला मात्र कळत होतं. ती सहा वर्षं अक्काच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट होती. उद्या तेच काम गावाच्या पैशातून कुणीतरी नऊ ते पाच करणार म्हटल्यावर ती वर्षं उगाच गेल्यासारखी होणार होती. पण मधलीच्या डावीकडे अक्का नव्हती, आणि तिला मध्ये बोलायची मुभा नव्हती.

"राहू दे. पुढे चला," अक्का म्हणाली आणि आपल्या भावाकडे, मधलीच्या नवऱ्याकडे वळली. "याचं सोपं आहे. याला भांडण नको. दिवसभर बस चालवायची, घरी यायचं, कुणी ओरडत नसलं की झालं. पट्टी आली तर बायको कामाला जाईल, पगार येईल. पट्टी नाही आली तर बायको घरी असेल, आईची काळजी नाही. कसंही झालं तरी याचं बरंच."

"पोचलं," तो हसून म्हणाला. हसण्यावारी नेण्यात त्याचा हात धरणारा घरात कुणी नव्हता.

आता त्याच्या डावीकडे त्याची बायको होती. मधलीनं हात मांडीवर एकात एक घट्ट धरले. याला स्टूल माहीत होतं, मालकांचा फोन माहीत होता. रात्री झोपेत तिची बोटं काचेची कड चाचपल्यासारखी हलतात, हे त्यानंच तिला एकदा सांगितलं होतं.

"तिची काही तक्रार नाही," तो म्हणाला. "म्हणजे ती करतेच सगळं. तिला कुणी बळजबरी केलेली नाही. पट्टी आली तर तिला जरा आराम मिळेल. नाही आली तरी ती... करेल." त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. "एवढंच."

सगळे तिच्याकडे बघत होते. नवऱ्याचा चेहरा उतरला होता. आपण कमी बोललो हे त्याला कळलं होतं, पण पुढचे शब्द सापडत नव्हते. चारचौघांत त्याला उघडं पाडणं तिला जमलं नाही.

"पोचलं," मधली म्हणाली.

आता तिची पाळी होती, आणि तिच्या डावीकडे आई होत्या. खुर्च्यांबद्दल आपण गप्प राहिलो हे तिला सकाळपासून टोचत होतं. निदान इथे तरी माप कमी घालायचं नाही, असं तिनं ठरवलं.

"आईंना पट्टी नको आहे," ती म्हणाली. "पैशासाठी नाही. आईंना परक्या बाईचे हात नकोत. अंघोळ घालताना पाणी किती गरम हवं, कुशीवर वळवताना आधी खांदा उचलायचा की पाठ, हे त्या बाईला माहीत नसणार. आणि माहीत झालं तरी ती बाई बदलेल, दुसरी येईल. दर वेळी नव्या माणसासमोर उघडं व्हायचं. आईंना ते मरणाहून वाईट वाटतं. त्या कुणाला बोलल्या नाहीत, पण ते तसं आहे."

आई समोर बघत होत्या. चेहऱ्याची उजवी बाजू किंचित हलली.

"अजून एक आहे. आईंना वाटतं, पगारी माणूस दारातून आत आलं की घरचं माणूस त्याच दारातून बाहेर पडेल." तिनं आईंकडे पाहिलं. "आणि त्यांचं चुकीचं नाही. मी जाईन. संध्याकाळी येईन, पण दिवसभर नसेन. त्यांची भीती खरी आहे."

"पोचलं," आई ताडकन म्हणाल्या.

थोरला खुर्चीत मागे रेलला. विरोधी बाजूच्या तोंडूनच त्याची बाजू मांडून झाली होती. धाकट्यानं कपाळाला हात लावला. नवरा मधलीकडे असा बघत होता की हिला वेड लागलं की काय. मधलीला मात्र हलकं वाटलं. स्टूल गेलं, असं तिनं मनाशी म्हणूनही टाकलं. डोळे भरून आले ते तिनं येऊ दिले.

"आई, आता तुझं," थोरला म्हणाला.

आईंनी मान वळवली. उजवीकडे.

"ही काचा घासायची," त्या म्हणाल्या.

"आई, मी इकडे आहे. डावीकडे. माझं बोलायचं आहेस तू."

"डावीकडे मला कुणी दिसत नाही. हीच दिसते."

"अगं, पण नियम..."

"नियम तुझ्या बापाचा, तो मला शिकवू नकोस. पाय असलेली माणसं खुर्च्या लावतात. मला तोंडच उरलंय, तर त्यानं मला पाहिजे त्याचं बोलेन. आणि दिसत नसलं तरी ऐकू सगळं येतं. सकाळी खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं. परवा चष्म्याच्या दुकानातून फोन आला तोही ऐकू आला. ही दाराबाहेर बोलत होती, दार काही फार जाड नाही."

आईंना मोठं वाक्य बोललं की धाप लागायची. त्या थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या.

"ही रोज सकाळी माझा चष्मा पुसते. पुसून झाला की उजेडाकडे धरते. काच स्वच्छ झालेली असते, तरी धरून ठेवते. कडेवरून अंगठा फिरवते. मग मला घालते. मी दोन वर्षं हे बघते आहे आणि दोन वर्षं झोपेचं सोंग घेते आहे. कारण विचारलं तर ही खरं सांगेल, आणि मग मला हिला सोडावं लागेल."

"आई, नका," मधली म्हणाली.

"मध्ये बोलायचं नाही. तुम्ही सगळे तीन आठवडे काय भांडताय? पट्टी बसवायची की नाही. अरे, पट्टी बसलेलीच आहे. दोन वर्षं झाली. एकाच माणसावर बसलीय, म्हणून बाकीच्यांना जड गेली नाही. ह्याला घर मिळतं, त्याला दुकान सांभाळता येतं, धाकट्याला भाषणं करता येतात. आणि मला हिचे हात मिळतात. सगळ्यांत जास्त मलाच मिळतं, म्हणून सगळ्यांत जास्त विरोधही माझाच." त्यांनी उजवा हात पुढे केला आणि सुनेच्या मनगटावर ठेवला. "मघाशी त्यानं तुझं बोलल्यावर पोचलं म्हणालीस, ते खोटं होतं. आता खरं सांग."

अक्कानं न मागता पाण्याचा पेला पुढे केला. मधली प्यायली, आणि मगच म्हणाली, "पोचलं."

नवऱ्यानं मान खाली घातली होती. धाकट्याला काहीतरी फार चांगलं सुचलं होतं, पण अक्कानं त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि ते त्याच्या तोंडातच राहिलं.

"मग घराचं मत होय," आई म्हणाल्या. "रविवारी मला शाळेत न्या."

"थांबा," मधली म्हणाली. "दादांचं कुणी बोललं नाही."

थोरल्यानं मान वर केली. त्याचा चेहरा लाल झाला होता, रागानं की अपमानानं, ते सांगता आलं नसतं.

"सकाळी दादा खुर्ची लावत होते तेव्हा मला दिसलं होतं की आईंना ते दिसणार नाहीत. मी सांगितलं नाही. मला ते सोयीचं होतं." एवढं बोलून टाकल्यावर पुढचं सोपं गेलं. "त्यांना पट्टी भरायची ती घराची, दुकानाची आणि गोदामाची. मोठ्या रस्त्यावर ते नवं दालन उघडल्यापासून गिऱ्हाईक येतं, नमुना हातात घेतं, भाव विचारतं आणि तिकडे जाऊन घेतं. दुकानात दोन माणसं आहेत. पट्टी आली तर एकाला काढावं लागेल, आणि तो दादांच्या लग्नाच्या आधीपासून आहे. दादा त्याच्याशी गेले आठ दिवस नीट बोललेले नाहीत. मला वरून दिसतं. ते कंजूष नाहीत. आईंची औषधं तेच आणतात आणि किती झाले ते कधी बोलून दाखवत नाहीत. त्यांना भीती वाटते. आईंना वाटते तशीच, मला वाटते तशीच."

सगळे थोरल्याच्या उत्तराची वाट बघत राहिले. त्यानं फक्त खिडकीतून खाली पाहिलं, जिथून दुकानाची पाटी उलटी दिसायची.

"मत होयच राहील," आई म्हणाल्या. आवाज मवाळ होता. "पण त्या माणसाला काढायचं नाही. पट्टीतला दुकानाचा भाग धाकटा उचलेल. कर्तव्य त्याला तोंडपाठ आहे."

धाकट्यानं तोंड उघडलं, मिटलं आणि मान डोलावली. एरवी सगळे पोट धरून हसले असते. आज फक्त नवरा हसला, तोही एकटाच.

अक्का उठून चप्पल शोधू लागली. "माझ्या घराचं मत नाहीच असेल, आत्ताच सांगून ठेवते."

"असू दे," आई म्हणाल्या. "तुझं अजून कुणाला मांडता आलेलं नाही. तुझ्यासाठी पुन्हा बसू. जेवून जा."

अक्का दारात घुटमळली. मग तिनं चप्पल पायातून काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांचा आवाज करू लागली.

थोरला अजून खिडकीपाशीच होता. "आणि गावानं नाही म्हटलं तर?" त्यानं विचारलं. "आपल्या एका मतानं काय होतंय? अर्ध्या गावाला दुकानं आहेत, उरलेल्यांच्या घरात एकेक अक्का आहे. पट्टी पडली तर?"

मधलीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. निकाल काहीही लागो, महिनाअखेर थांबणार नव्हती.

अक्कानं आईंचं ताट वाढून आणलं. मधली सवयीनं उठली, पण थोरल्यानं तिच्याआधी ताट हातात घेतलं. दुसऱ्या हातानं त्यानं आपली खुर्ची उचलली, आईंच्या मागून फिरून आला आणि मधलीच्या जागी, उजवीकडे बसला.

"अरे, तू कधी आलास?" आई म्हणाल्या.

त्यानं घास भरवायला सुरुवात केली. पहिला घास फार मोठा होता, दुसरा सांडला. तिसऱ्याला आईंनी चमचा त्याच्या हातून काढून घेतला आणि स्वतःच जेवू लागल्या. उजवीकडची भाजी संपली, बटाटे संपले. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"एवढंच वाढलंस?"

थोरल्यानं ताटाकडे पाहिलं. अर्धं ताट भरलेलं होतं. "आई, आहे की हे सगळं."

"कुठाय?"

त्यानं भावजयीकडे पाहिलं. मधलीचे हात पुढे जाऊ लागले होते. ते तिनं मागे घेतले आणि एकात एक धरले.

"फिरवा," ती म्हणाली.

"काय?"

"ताट. अर्धं फिरवा."

त्यानं दोन्ही हातांनी, काही सांडू नये म्हणून जपून, ताट फिरवलं. "हं," आई म्हणाल्या, "आता वाढलंस," आणि पुन्हा जेवू लागल्या.

थोरला बघत राहिला. "रोज?" त्यानं विचारलं.

"रोज. दोन्ही वेळा."

आईंचं जेवण होईपर्यंत तो ताटाची कड धरून बसला. मग वर न बघताच म्हणाला, "पोचलं."